‘होमस्टक’ नव्या हातांत गेलं आणि वाचक का हिरमुसले?

१३ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतल्या अँड्र्यू हसी यांनी इंटरनेटवर एक चित्रकथा सुरू केली. नाव होतं ‘होमस्टक’. तेरावा वाढदिवस असलेला एक मुलगा आपल्या खोलीत उभा आहे, एवढीच तिची सुरुवात. बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ ला ती संपली, तेव्हा आठ हजारांहून जास्त पानं झाली होती.

वाचक इतके का गुंतले?

सुरुवातीच्या काळात वाचक सूचना पाठवायचे आणि त्यातल्या काही निवडून कथा पुढे जायची. त्यामुळे ही कथा आपलीही आहे, असं अनेकांना वाटू लागलं. २०१२ मध्ये त्यावर आधारित गेमसाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा २४ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

मग बिनसलं कुठे?

शेवटात बरेच प्रश्न अनुत्तरित राहिले. वाचकांनी त्यांची उत्तरं आपापल्या मनात तयार केली. एप्रिल २०१९ मध्ये हसी आणि सहलेखकांनी उपसंहार आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘होमस्टक टू : बियॉन्ड कॅनन’ सुरू झालं. ते लिहिणारी टीम नवी होती आणि तिच्यात जुने चाहतेही होते.

‘कॅनन’ म्हणजे कथेतलं अधिकृत सत्य. ही नवी कथा त्या सत्याचा भाग आहे की नाही, हे मुद्दामच धूसर ठेवलं होतं. पण पात्रं तीच. लाडक्या पात्रांचे तुटलेले संसार आणि कडवट वागणं वाचून अनेकांना वाटलं, आपण मनात जपलेला शेवट कुणीतरी पुसला. काहींची नाराजी टीकेवर थांबली नाही, लेखकांना ऑनलाइन त्रासही झाला. २०२० च्या अखेरीस नवी पानं येणं बंद झालं.

हे टाळता येतं का?

जपानच्या ‘बर्सर्क’ या मांगाचं उदाहरण बोलकं आहे. लेखक केंतारो मिउरा यांचं मे २०२१ मध्ये निधन झालं. त्यांचे मित्र कोजी मोरी यांनी २०२२ मध्ये सूत्रं हाती घेताना उघडपणे सांगितलं, की मिउरांनी आपल्याला जे सांगितलं होतं तेवढंच कथेत येईल. चित्रं मिउरांच्याच सहायकांनी काढली. फरक काहींना जाणवला, पण काय मिळणार हे वाचकांना आधीच ठाऊक होतं.

‘होमस्टक’ही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एका नव्या टीमकडून पुन्हा सुरू झालं.

म्हणजे प्रश्न फक्त नव्या लेखकाच्या कौशल्याचा नसतो. जुन्या कथेतलं काय कायम राहणार आणि काय बदलणार, हे आधी सांगितलं तर वाचक निदान मनाची तयारी करू शकतो. आणि नवा भाग नाहीच पटला, तरी २०१६ पर्यंत वाचलेली कथा त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही.