वजनकाट्याला न दिसणारं मूल

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही प्रौढ, तरी आपल्या शाळकरी मुलांच्या प्रकृतीचा हिशेब मांडायचा, तर सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी लागते.

कारण याज्ञिकांचं मोठं काम आया आणि मुलांवरचंच आहे. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, वजन जेमतेम ४२ किलो, बहुतेकींना शेतातलं आणि घरातलं काम चुकलेलं नाही. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी झाली. वजन, पोटाचा घेर, दंडाचा घेर, सगळ्यांत आपली बाळं लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडी चिमटीत धरून चरबीची जाडी मोजली, तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईच्या पोटातल्या उपासमारीत स्नायू घटले होते, चरबी टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार अशा या ठेवणीला अभ्यासकांनी ‘थिन-फॅट’ म्हटलं.

ही मुलं शाळेत गेली, मोठी झाली. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांना पुन्हा तपासलं. अठराव्या वर्षी जवळपास निम्म्यांचं वजन कमीच होतं, तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. ज्यांची साखर सहाव्या-बाराव्या वर्षी वरच्या अंगाला होती, त्यांच्यात हे प्रमाण अधिक. म्हणजे आजाराची पावलं पहिलीच्या वर्गातच उमटू लागतात.

हे सहा गावांपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. २०१६ ते २०१८ या काळात देशभर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २२ टक्के खुजी आणि २३ टक्के बारीक निघाली. जादा वजनाची अवघी ४ टक्के. एवढंच वाचलं तर उपाय सरळ वाटतो: पोटभर वाढा. पण या सर्वेक्षणात मुलांचं रक्तही तपासलं होतं. दर दहांतल्या एकाची साखर मधुमेहपूर्व पातळीला होती आणि सुमारे ३४ टक्के मुलांत ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त होती. जाड मुलं ४ टक्के आणि रक्तात बिघाड त्याच्या कैक पटींनी. उरलेली सगळी मुलं काट्यावर ‘नॉर्मल’ किंवा ‘कमी वजन’ या रकान्यांतच बसणारी.

त्यात रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींचं हिमोग्लोबिन कमी होतं. आधीच्या फेरीत हा आकडा ५४ होता. शाळांतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना २०१३ पासून आहे, तरी ही गत. दुसऱ्या टोकाला स्थूलताही वाढतेच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतात १९९० साली सुमारे चार लाख मुलं-मुली स्थूल होती. २०२२ मध्ये ती सव्वा कोटी झाली. उपासमार संपली आणि सुबत्ता आली, असं सरळ वळण हे नव्हे. अभाव आणि अतिरेक एकाच वर्गात, कधी एकाच मुलाच्या अंगात, मुक्कामाला आहेत.

आता शाळेतलं ताट पाहू. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम. गरीब घरातल्या मुलाला शाळेकडे ओढणारी आणि दुपारची भूक भागवणारी ही योजना मोलाचीच. पण भाताने पोट भरतं, स्नायू बांधायला प्रथिनं लागतात.

प्रश्न प्रथिनांपुरताच नाही. पुण्याच्या अभ्यासात दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. बी-१२ डाळ-भातात नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतच असतं. पुढे याज्ञिकांच्या गटाने याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. उद्देश असा, की उद्याचे आईबाप आजच सावरावेत.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं किंवा फळ, देण्याचं ठरवलं तेव्हा पाऊल बरोबर दिशेने पडलं होतं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं, वर थोडं बी-१२. जानेवारी २०२५ मध्ये या अंड्यासाठीचा निधी थांबला. हवं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. जिथे वर्गणी देणारे पालक आहेत तिथे अंड्याची गरज कमी, आणि गरज आहे तिथे वर्गणी देणार कोण?

स्नायूंना दुसरी गोष्ट लागते ती पळापळ. वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. घरी आल्यावर शिकवणी, मग मोबाइल. उरली तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. काट्याला न दिसणारी चरबी हेरण्यासाठी या पथकाला कमरेचा घेर मोजायला एक टेप पुरेल. जिथे संशय येईल तिथे साखर आणि हिमोग्लोबिन तपासावं, आणि निकाल पालकांना समजेल अशा भाषेत घरी जावा.

मुलाचं वजन वाढवणं अवघड नाही. तांदूळ, तेल आणि पाच रुपयांची पुडी मिळून ते काम करतात. अंडं वर्गणीवर आणि मैदान शिकवणीवर सोडून आपण काट्याचा आकडा तेवढा वाढवत राहिलो, तर कुपोषणाचे तक्ते सुधारतील आणि मधुमेहाचे रुग्ण त्याच मुलांतून तयार होतील.