लोखंडी नांगर आणि जमिनीचें विष

पलूसजवळील किर्लोस्करवाडी म्हटली कीं लोखंडी नांगर आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील या माळावर कारखाना आणला; तत्पूर्वीं बेळगांवीं घडविलेले त्यांचे नांगर शेतकरी घेईनात. लोखंडानें जमीन विषारी होते, असें ते म्हणत. हा कांहीं मतभेदाचा विषय नव्हे. नांगरलेल्या शेतांत पीक येतें कीं नाहीं, एवढें पाहिलें कीं निकाल लागतो, आणि तो लागला. जमीन किती खोल नांगरावी, हा वाद मात्र जाणत्यांत आजहि चालू आहे. माती व पाऊस पाहून तो खुशाल घालावा. त्या शेतकऱ्यांस आपण हंसतों. परंतु वर्षाचें धान्य पणाला लागलें असतां नवें औत आधीं शेजाऱ्याच्या रानांत चालूं द्यावें, असें कोणास वाटलें तर तें मत मला तरी गैर वाटत नाहीं.