हजारातले सात

‘नॅनो औषध नेमकं कर्करोगाच्या गाठीवरच जातं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही, असं वाचलं. खरंय का?’ एका वाचकाचा प्रश्न. खरं आहे ते निम्मंच, आणि बातम्यांत येतं ते दुसरं निम्मं.

या कुळातलं पहिलं औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. त्यात नवं रसायन नव्हतंच. डॉक्सोरुबिसिन, किमोच्या वॉर्डातलं ते लालभडक सलाईन, तोवर वीसेक वर्षं वापरात होतं. गाठ मारायचं आणि डोस वाढत गेला की हृदयही दुबळं करायचं. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांनी ते मेदाच्या, जेमतेम १०० नॅनोमीटरच्या कुपीत भरलं. भरण्याची युक्ती मला औषधापेक्षाही आवडते. कुपीत आधी अमोनियम सल्फेट, बाहेर डॉक्सोरुबिसिन. रेणूवर विद्युतभार नसतो तोवर तो मेदाच्या भिंतीतून सहज आत शिरतो. आतल्या आम्लात त्याला भार चिकटतो, सल्फेटशी गाठ पडते आणि स्फटिक होतो. ओढ्यात मासे धरायला लावलेल्या बांबूच्या सापळ्यासारखं: शिरायला वाट आहे, निघायला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुपीच्या मधोमध स्फटिकाची कांडी चक्क दिसते!

आता गाठीपर्यंतचा प्रवास. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ साली दाखवलं, की गाठीतल्या घाईघाईत वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मोठे रेणू त्यांतून झिरपतात आणि निचरा नसल्याने तिथेच साचतात. कल्पना इतकी देखणी, की तिच्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. मग २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग चाळले आणि हिशेब मांडला: टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक ०.७ टक्के. हजारात सात! तेही बहुतांशी उंदरांत, ज्यांच्या गाठी काही आठवड्यांत फुगतात. बाकीचा बराच माल यकृत आणि प्लीहेत अडकतो. तिथल्या महाभक्षक पेशींचं कामच ते, रक्तातला परका कण दिसला की गिळायचा.

मग डॉक्सिलने साधलं काय? हृदयातल्या धडधाकट वाहिन्यांतून कुपी सहसा बाहेर पडत नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगावर साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली आले: रोग रोखण्यात दोन्ही सारखीच, हृदयाचा त्रास मात्र खूपच कमी. बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. हृदय वाचलं हे थोडं नव्हे, पण ‘अचूक नेम’ त्याला म्हणवत नाही. (२०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिकडे आयात झालं. ही बातमी आपल्याकडे आणखी गाजायला हवी होती.)

आता नवी चाल अशी, की कण गिळणाऱ्या पेशींच्याच पाठीवर औषध लादायचं. गाठीत शिरायला त्यांना परवाना लागत नाही. मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले आणि हार्वर्डमध्ये संशोधन करणारे समीर मित्रगोत्री यांच्या गटाने २०२० साली महाभक्षक पेशींवर चपट्या चकत्या चिकटवल्या. चपट्या असल्याने पेशीला त्या गिळता येत नाहीत. आत किमो नव्हती, महाभक्षकांना लढतं ठेवणारं इंटरफेरॉन गॅमा होतं. कारण गाठीत गेलेल्या महाभक्षकांना कर्करोग फितवतो, आणि त्यांनी फितूर होऊ नये एवढीच अपेक्षा होती. उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. फक्त, पेशी टोचल्या होत्या थेट गाठीतच. पोचण्याची परीक्षा त्यांनी अजून दिलेलीच नव्हती.