छतातील दिवे

ठाण्याच्या खाडीपलीकडे कळवा हे उपनगर आहे. तेथील अनेक घरांत स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगमध्ये दिवे बसवितात. हे दिवे शोभिवंत दिसतात. परंतु त्यांची उष्णता विसरून चालत नाही. हॅलोजन दिव्यातील बहुतेक विजेची उष्णताच होते. एलईडी दिवा त्या मानाने थंड असतो. तरी त्याचा ड्रायव्हर तापतोच. वर हवा खेळती नसली, की उष्णता साचते, तारांवरील आवरण ठिसूळ होते आणि तारा एकमेकींस भिडून ठिणगी उडते. छताआड लागलेली आग लवकर दिसतही नाही. म्हणून दिव्याभोवती मोकळी जागा सोडावी, लाकूड दूर ठेवावे व काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. जळका वास येताच मुलांनी वडील माणसांस सांगावे. त्यांनी मुख्य स्विच बंद करावा. पाणी मात्र ओतू नये.