ही येरझार गोळीची तर नाही?

जागतिक मानसिक आरोग्य दिन दरवर्षी येतो. ‘औषध घ्यायला लाजू नका’ हे तेव्हा सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे. पण नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय होऊ शकतं, ते कुणी सांगत नाही.

मळमळ, कोरडं तोंड ठाऊक असतं. हात थरथरणं, झोपेत दात खाणं हेही काहींच्या वाट्याला येतं. सर्वांत छळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा त्रास मात्र अकॅथिसिया. माणसाला एका जागी बसवत नाही. पाय स्थिर राहत नाहीत, रात्रभर येरझाऱ्या. आतली तगमग तर दिसतही नाही. या गोळ्यांनी मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं की हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिनचं काम मंदावत असावं, असं मानलं जातं.

घरचे म्हणतात, ‘टेन्शन वाढलंय.’ घाईतले डॉक्टरही आजारच बळावला समजून डोस वाढवतात आणि तगमग आणखी वाढते.

हे किती गंभीर आहे? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अँथनी रॉथशिल्ड आणि कॅरोल लॉक यांनी 1991 मध्ये तीन रुग्णांची हकिकत मांडली. फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी चालू असताना तिघांनीही आत्महत्येचा प्रयत्न केला होता. देखरेखीखाली तीच गोळी पुन्हा दिल्यावर तिघांनाही अकॅथिसिया झाला आणि ‘तेव्हाही याच तगमगीने जीव नकोसा झाला होता,’ असं त्यांनी सांगितलं. गोळी थांबवल्यावर किंवा प्रोप्रानोलॉल हे औषध जोडल्यावर तगमग गेली, मरणाचे विचारही गेले. तीनच रुग्ण, पण मला हा पुरावा विसरता येत नाही.

सगळ्यांनाच असं होत नाही, बहुतेकांना या गोळ्या सोसतात. नैराश्यात मुख्य गोळीला जोड म्हणून दिल्या जाणाऱ्या अॅरिपिप्राझोल या औषधावर मात्र खास लक्ष हवं: चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे 25 टक्के रुग्णांना अकॅथिसिया झाला, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी जोडलेल्यांत 4 टक्क्यांना.

म्हणून प्रत्येक डॉक्टरने पहिल्या फेरतपासणीत ‘शांत बसवतं का?’ हे विचारलंच पाहिजे. त्याला मिनिटही लागत नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून हा त्रास बहुधा आटोक्यात येतो. गोळी मात्र मनाने बंद करू नका; अचानक तोडल्यानेही अशी तगमग सुरू होऊ शकते. तुमच्या घरात कुणी नवी गोळी सुरू करून येरझाऱ्या घालत असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. मरणाची भाषा ऐकू आली तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.