तेरा अंक, जागा बारांची

पुस्तकाच्या मलपृष्ठावर उभ्या काळ्या रेघांचा एक चौकोन असतो आणि त्याखाली तेरा अंक. हा त्या पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक. दुकानातल्या वस्तूंच्या बारकोडमधले पहिले अंक सहसा नोंदणीचा देश सांगतात. पुस्तकांसाठी ‘बुकलँड’ नावाचा देशच कल्पिला गेला. त्याचा क्रमांक ९७८. पुढचे ८१ किंवा ९३ हे भारताचे, त्यानंतरचे प्रकाशकाचे आणि पुस्तकाचे. शेवटचा अंक पडताळ्याचा.

आता रेघा मोजू या. प्रत्येक अंकाला सारख्या रुंदीचे सात उभे स्तंभ मिळतात, काही काळे, काही पांढरे. शिवाय दोन्ही कडांना तीन-तीन आणि मध्ये पाच स्तंभांच्या खुणा. तेरा अंकांचे ९१ आणि हे ११ मिळून १०२ व्हायला हवेत. प्रत्यक्षात असतात ९५! पहिल्या ९ ला रेघाच नाहीत.

अमेरिकेत १९७४ पासून दुकानांत वापरात आलेला बारकोड बारा अंकी होता. तेरावा अंक तेवढ्याच रुंदीत बसवताना युक्ती केली गेली. डाव्या अर्ध्यातील सहा अंकांना प्रत्येकी दोन रूपे दिली: एकात काळ्या स्तंभांची संख्या विषम, दुसऱ्यात सम. ही रूपे विषम, सम, सम, विषम, सम, विषम अशा क्रमाने आली, की यंत्र समजते, पहिला अंक ९. भिंग घेऊन पाहा: पहिल्या ७ मध्ये पाच काळे स्तंभ, त्यापुढच्या ८ मध्ये दोन. ९७८ ने सुरू होणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर हे असेच दिसेल.

पडताळ्यात मात्र पुस्तकांचा थोडा तोटाच झाला, असे मला वाटते. समजा, पहिले बारा अंक ९७८८१२७१६३४२ आहेत. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ३५. सम स्थानांची २३, तिची तिप्पट ६९. एकूण १०४. पुढची दहाची पट ११०, म्हणून पडताळा अंक ६. आता शेजारच्या २ आणि ७ ची अदलाबदल करा. बेरीज ११४, पडताळा पुन्हा ६! शेजारच्या अंकांत ५ चा फरक असला की बेरीज नेमकी दहाने बदलते आणि चूक निसटते.

१ जानेवारी २००७ पर्यंत अधिकृत असलेला दहा अंकी क्रमांक ही चूक पकडत असे. त्यात अंकांना क्रमाने १०, ९, ८ ते १ ने गुणून आलेल्या बेरजेला ११ ने निःशेष भाग जावा लागे. आपला क्रमांक ८१२७१६३४२२ झाला असता, बेरीज २२०. अदलाबदल केल्यावर २२५, बाकी ५. अडचण एवढीच, की पडताळा कधी १० येई आणि तिथे रोमन ‘एक्स’ छापावा लागे. दुकानी रेघांत अक्षराला जागा नाही.

शाळेच्या ग्रंथालयात दोन्ही क्रमांक छापलेली जुनी पुस्तके सापडतील. दोन्हींचे शेवटचे अंक बहुधा निराळे का, हे विद्यार्थ्यांना गणित करूनच शोधू द्यावे.