नीरेच्या माथ्यावरून (लेखांक ४) : सॅकमधलं पाणी, खिंडीतली थंडी

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं बाहेर पडलं की तोरण्याकडे जाणारी धार सुरू होते. तिच्या एका अंगाला कानंद खोरं, दुसऱ्या अंगाला वेळवंडीचं. पावसाळ्यात या धारेवर पडलेला थेंब कुठल्याही बाजूला घरंगळला तरी अखेर नीरेलाच मिळतो. वेळवंडीचं पाणी भाटघरला अडतं, नीरा डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरच्या उसाला येतं. नदीच्या पात्रात उरलेलं आपल्या नरसिंहपूरच्या संगमावर भीमेत मिसळतं. आपल्याला एवढं पाणी देणाऱ्या त्या डोंगरावर जानेवारीत चालताना मात्र घोटाघोटाचा हिशेब ठेवावा लागतो. राजगड-तोरणा-रायगड या वाटेचा नकाशा मागच्या लेखात पाहिला. आज सॅक भरू.

ही वाट हिवाळ्यातच का? पावसाळ्यात धुकं आणि निसरडं, उन्हाळ्यात टाकी आटलेली. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हाच काय तो सोयीचा काळ. पण थंडीच्या धास्तीनं लोक दोन-दोन स्वेटर कोंबतात आणि पाण्याला जागा उरत नाही. राजगडावर पद्मावती माचीच्या टाक्यांत पाणी असतं, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाजवळ. मधल्या सहा-आठ तासांत भरवशाचं काही नाही. म्हणून माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो वजन, आधी ठरवायचं आणि बाकीचं सामान त्याच्याभोवती बसवायचं. शिधासुद्धा पाण्याकडे पाहूनच निवडावा. खिचडीला पाणी लागतं, मग भांडी घासायला पुन्हा पाणी. पहिले दोन दिवस भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ यांवर उत्तम निघतात. पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये वरच्या निम्म्यात, पाठीला लागून ठेवाव्यात. अळू दरवाज्याखालच्या उतारावर मुरूम सुटा असतो; वजन पाठीपासून लांब लोंबत असेल तर घसाऱ्यावर तोल हमखास जातो. तिथं पाऊल आडवं टाकत, टाच रोवत उतरायचं.

आता थंडी. उंची वाढली की हवा दर हजार मीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते, हे आपण शाळेत शिकलो. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच, तेव्हा माथ्यावर गारठा जास्त असणार असं वाटतं. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री अनेकदा उलटं घडतं. जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते. त्यामुळे ओढ्याकाठचा सपाट, मऊ तुकडा कितीही मोहात पाडो, तंबू तिथं लावू नये. खिंडही टाळावी, कारण दोन्ही खोऱ्यांतला वारा तिथूनच वाट काढतो. खोऱ्याच्या तळापासून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला जागा धरावी. अंगावर पांघरायच्या आधी अंगाखाली काय आहे ते पाहावं: कातळ रात्रभर ऊब ओढून घेतो, त्यामुळे कॅरीमॅट नसेल तर जाड स्लीपिंग बॅगही कुचकामी ठरते. चढ सुरू होण्याआधी स्वेटर काढून ठेवायचा. घामानं भिजलेला सुती शर्ट मुक्कामावर जितका गारठवतो तितका वारा गारठवत नाही. झोपताना घालायचे मोजे वेगळे आणि कोरडे असावेत. दिवसाच्या मोज्यांत कुसळं अशी रुतून बसतात की ती उपटता उपटता अंधार पडतो.

गडावरच्या मुक्कामाला वेळोवेळी बंदी असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

शेकोटी पेटवूच नये, हे माझं ठाम मत आहे. या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी उडाली तर धारेचा सगळा उतार वणव्यात जातो, आणि गवत गेलं की गुरांची वैरण गेली. शिवाय कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. धुरानं ती उठली तर पळायला तिथं जागा नाही. वाटेवर धनगराच्या घरी ताक मिळालं तर पैसे देऊन प्यावं. हंड्यातलं पाणी मागू नये. ते त्या घरातल्या बाईनं डोक्यावरून आणलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात तोरण्याहून मोहरी आणि बोराट्याच्या नाळेनं लिंगाण्याच्या पायथ्याकडे उतरणं. त्या घळीत सुटे धोंडे फार, म्हणून दोन माणसांत अंतर किती ठेवायचं इथूनच सुरुवात करू.